सासूबाईंच्या पणजीचा बाप कोण? आयरिश मुळं शोधायच्या साइट्स आणि सेवांबद्दल माझं मत

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. ऑस्ट्रेलियात वसाहतीच्या काळात आलेल्या आयरिश माणसाचे आईबाप शोधायचे असतील तर पहिला पैसा आयर्लंडच्या साइटवर घालवू नका, डीएनए किटवरपण नको. पहिला पैसा इथल्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी खात्यात घाला. मेलबर्नकडचा पूर्वज असेल तर व्हिक्टोरियाच्या खात्याची साइट उघडा, नाव शोधा, पैसे भरा, जुन्या सर्टिफिकेटची इमेज लगेच डाउनलोड होते. मी ज्या ज्या सेवा वापरल्या त्यात सगळ्यात जास्त उत्तरं या एका ठिकाणी मिळाली आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच्याबद्दल.

आमची केस अशी. माझा नवरा इथलाच, त्याच्या आईकडचं घराणं पार आयरिश, काउंटी क्लेअरचं (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा). सासूबाईंना एक रुखरुख होती, त्यांची पणजी. ती १८५० मध्ये जहाजातून एकटी मेलबर्नला उतरली, वय जेमतेम सोळा, आणि तिच्याबद्दल घरात दोन गोष्टी चालत आल्या होत्या. एका बाजूचे लोक तिच्या बापाचं एक नाव सांगायचे, दुसऱ्या बाजूचे म्हणायचे तो बाप नव्हेच, ती लग्नाबाहेर झालेली पोर, म्हणून तर तिला एकटीला पाठवून दिली. सासूबाईंच्या आईच्या पिढीत हा विषय निघाला की खोलीतलं बोलणं बंद व्हायचं म्हणे. मी घरात आले तेव्हा सासूबाई सत्तरीच्या पुढे होत्या आणि त्यांचं म्हणणं एवढंच होतं, चांगलं वाईट जे असेल ते मला कळू दे. हयात लोकांचा प्रश्न आहे म्हणून नावं देत नाही, पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव एवढंच म्हणते, जरा लक्ष ठेवून वाचा.

पणजी ज्या योजनेतून आली ती समजली नाही तर पुढचं कळणार नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, लाखो गरिबांचं पोट त्या एकाच पिकावर, साधारण दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. क्लेअरला तर फार बसलं, १८४१ च्या जनगणनेत २ लाख ८६ हजारांच्या आसपास असलेली वस्ती १८५१ मध्ये २ लाख १२ हजारांवर आली. जमीनदारांनी कुळांची घरं पाडली, लोक वर्कहाउसमध्ये गेले. वर्कहाउस म्हणजे सरकारी गरीबखाना आणि सक्तीच्या कामाची जागा एकत्र, नवरा बायको मुलं सगळ्यांना वेगवेगळ्या दालनात टाकायचे. त्या वर्कहाउसमधल्या मुलींना ऑस्ट्रेलियात पाठवायची योजना वसाहत मंत्री अर्ल ग्रे यांनी काढली, १८४८ ते १८५० मध्ये ४ हजारांवर मुली आल्या, सिडनी, मेलबर्न आणि अॅडलेडला. मेलबर्नला आलेलं पहिलं जहाज लेडी केनवे, १८४८ च्या डिसेंबरात. कागदावर या सगळ्या 'अनाथ', पण यातल्या कितीतरी मुलींची आई नाहीतर बाप जिवंत होता. हे वाचलं तेव्हाच मला वाटलं की आमच्या पणजीच्या गोष्टीत कुठेतरी एक जिवंत आई असणार.

या मुलींसाठी सिडनीच्या आयरिश फॅमिन मेमोरियलवाल्यांनी एक डेटाबेस केलाय, मोफत, नाव टाकलं की जहाज, वय, मूळ गाव आणि पुढे लग्न कोणाशी झालं ते मिळतं. काम फार निष्ठेने केलंय, वंशजांनी पाठवलेली माहिती जोडत जातात. पण एक गोष्ट माहीत असू द्या, सिडनीला उतरलेल्या मुलींच्या यादीत आईबापाची नावं लिहिलेली आहेत आणि ती जिवंत आहेत की नाहीत तेही लिहिलंय, मेलबर्नच्या यादीत ते नाही. मेलबर्नवाल्यांनी वय, काउंटी, धर्म, लिहिता वाचता येतं का, कोणाकडे नोकरी लागली, पगार किती, हे लिहिलं आणि आईबाप सोडून दिले. म्हणजे तुमची पूर्वज सिडनीला उतरली असेल तर निम्मं काम पहिल्या संध्याकाळीच होईल, आमच्यासारखी मेलबर्नची असेल तर लांबचा रस्ता. आमच्या पणजीची नोंद मिळाली, आणि ती मिळाली दुसऱ्या आडनावाने. घरातला संशय आणखी घट्ट झाला.

आता सर्टिफिकेट्स. व्हिक्टोरियात सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ ला सुरू झाली आणि सुरुवातीचा रजिस्ट्रार विल्यम हेन्री आर्चर हा आकडेवारीचा भक्त माणूस होता, त्याने फॉर्ममध्ये इतके रकाने ठेवले की आज त्याचे पाय धरावेसे वाटतात. त्याच काळात इंग्लंडच्या लग्नाच्या सर्टिफिकेटवर फक्त बापांची नावं, मृत्यूच्या सर्टिफिकेटवर आईबाप नाहीतच. इथे व्हिक्टोरियात लग्नाच्या कागदावर दोघांच्या आईबापाची नावं, आईचं माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, जन्मगाव, आधीचं लग्न झालं असेल तर तेही. मृत्यूच्या कागदावर आईबाप, जन्म कुठे, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे कोणत्या वयात, मुलं कोणकोण. आणि मुलांच्या जन्माच्या कागदावर परत आईचं जन्मगाव. म्हणून एकच सर्टिफिकेट घेऊन थांबू नका, तिच्या प्रत्येक मुलाचं घ्या, कारण दर वेळी कारकुनासमोर वेगळा माणूस बोलतोय आणि एखाद्या वेळी कोणीतरी नुसतं 'क्लेअर' न सांगता गावाचं नाव सांगून जातो. आम्हाला गावाचं नाव तिसऱ्या मुलीच्या जन्माच्या कागदावर मिळालं, स्पेलिंग पार वेडंवाकडं, पण मिळालं.

पणजीचं पहिलं लग्न १८५२ चं, म्हणजे नोंदणी सुरू व्हायच्या आधी, चर्चच्या वहीत फक्त नवरा बायको साक्षीदार, आईबाप नाहीत. तिथेही दुसरंच आडनाव. पहिला नवरा बॅलरॅटकडे सोन्याच्या खाणीत गेला आणि गेलाच. मग १८६१ मध्ये तिने दुसरं लग्न केलं आणि त्या कागदावर, तिच्या स्वतःच्या तोंडून, बाप म्हणून पहिल्या आडनावाचा माणूस, शेतकरी, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट. आणि १९०४ च्या मृत्यूच्या सर्टिफिकेटवर जावयाने सांगितलेला बाप दुसऱ्या आडनावाचा. एक बाई, दोन बाप, दोन्ही सरकारी कागदावर.

इथे माझं ठाम मत आहे आणि ते सगळ्यांनी डोक्यात ठेवावं: सर्टिफिकेटवर काय लिहिलंय याच्या आधी माहिती कोणी दिली ते बघा. मृत्यूच्या वेळी ती बाई स्वतः बोलत नसते, जावई बोलतो, शेजारी बोलतो, कधी हॉस्पिटलचा माणूस. लग्नाच्या वेळी ती स्वतः उभी असते. खोटं बोलायला कारण असू शकतं, लाज झाकायला मेलेला शेतकरी बाप उभा करणाऱ्या पुष्कळ होत्या, तरी स्वतः दिलेलं नाव आधी तपासायचं. आम्ही तसंच केलं.

व्हिक्टोरियाच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसलापण पूर्ण मार्क. नॉर्थ मेलबर्नला वाचनकक्ष आहे, वर्षानुवर्षांच्या जहाजांच्या याद्या, मृत्युपत्रं, संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीचे कागद, पुष्कळसं ऑनलाइन मोफत बघता येतं. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूची चौकशी तिथे मिळाली, पणजीची साक्ष होती त्यात, खाली सहीच्या जागी फुली. ती फुली बघून सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. आणि नॅशनल लायब्ररीची ट्रोव्ह साइट, जुनी वर्तमानपत्रं, मोफत, शब्द टाकून शोधता येतात. तिथे 'अमुक गावचा अमुक कुठे असेल त्याने बहिणीला कळवावं' अशा जाहिराती सापडतात, घंटा दोन घंटे कसे जातात कळत नाही. मशीनने वाचलेला मजकूर चुकतो म्हणून आडनाव चार पाच प्रकारे टाकून बघायचं, ओ आणि मॅक लावून आणि काढून दोन्ही.

मध्ये एक कटू अनुभव पण सांगते. घरातल्या एका नातेवाईकाने आधी एका खाजगी संशोधकाला पैसे दिले होते, नाव घेत नाही. चांगली रक्कम गेली आणि हातात आलं काय तर आडनावाचा इतिहास, एक रंगीत ढाल-तलवारीचं चिन्ह, आणि कुठल्यातरी सरदार घराण्यापर्यंत नेलेला वंशवृक्ष ज्यात एकाही पायरीला कागदाचा संदर्भ नाही. आयर्लंडमध्ये असं चिन्ह एका माणसाला दिलेलं असतं, आख्ख्या आडनावाला नाही, हे त्यांना माहीत नसेल असं होणार नाही. तुम्ही कोणाला पैसे देणार असाल तर आधी एवढंच विचारा, प्रत्येक नावापुढे कुठल्या रजिस्टरचं कुठलं पान ते लिहून देणार का. हो म्हणाला तरच पुढे जा.

आता आयर्लंड. तुम्ही ऐकलं असेल की तिथले कागद जळाले, म्हणून लोक सुरूच करत नाहीत. जळाले हे खरं आहे. यादवी युद्धात ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस उडालं, १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, १८६१ आणि १८७१ च्या सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगद्यात गेल्या. पूर्ण अशा फक्त १९०१ आणि १९११ च्या उरल्या, त्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर मोफत. कैदी म्हणून पाठवलेल्यांचंही तेच, हद्दपारीची रजिस्टरं १८३६ पासूनची राहिली, त्याच्या आधीची गेली. पण कॅथलिक चर्चच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्याच, त्या गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या, म्हणून वाचल्या. गरिबांचा माग तिथेच आहे. २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं होताना, व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी नावाची साइट सुरू झाली, जळालेल्या कागदांच्या जगभर विखुरलेल्या नकला गोळा करून ते दालन परत उभं करतायत. आमच्या उपयोगाचं तिथे काही निघालं नाही, पण काम बघून मन भरून येतं, मोफत आहे, जरूर बघा.

चर्चच्या वह्यांसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडची पॅरिश रजिस्टर्सची साइट. २०१५ मध्ये सुरू झाली, मायक्रोफिल्मवरून केलेल्या पानांच्या इमेज, साधारण १८८० पर्यंतच्या, एक पैसा नाही, लॉगिन नाही. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मौल्यवान साइट हीच. त्रास एवढाच की इथे नाव टाकून शोधता येत नाही. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, माहीत पाहिजे, मग पान पान उलटत बसायचं, अक्षर कधी सुंदर कधी कोंबडीचे पाय, डाग, फाटलेले कोपरे, नावं बहुतेक ठिकाणी लॅटिनमध्ये, जेम्सचं जेकोबस, विल्यमचं गुलिएल्मस. आणि नोरा, हॅनोरा, ऑनोरा, कधी अॅनसुद्धा, ही एकच बाई असू शकते, ब्रिजेटची बिडी किंवा डीलिया होते. लग्नाबाहेरचं मूल असेल तर पाद्री बहुतेक वेळा तसं लिहून ठेवायचा, बापाची जागा मोकळी नाहीतर लॅटिनमध्ये शेरा. घरात जो संशय शंभर वर्षं कुजबुजत होता त्याचं उत्तर त्या एका ओळीत असणार होतं, म्हणून आम्ही दोघी रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसायचो, मी वाचायचे, सासूबाई कॅथलिक शाळेत शिकलेल्या म्हणून लॅटिन त्या लावायच्या.

पणजीचा बाप्तिस्मा मिळाला नाही. तिच्या पॅरिशचं रजिस्टरच तिच्या जन्मानंतर सुरू होतं, आयर्लंडच्या पश्चिमेला हे फार होतं, कितीतरी वह्या १८३० च्या पुढेच सुरू होतात. इथे पुष्कळ लोक हात टेकतात, ते करू नका. भावंडं शोधा. १८३८ मध्ये एका मुलाचा बाप्तिस्मा निघाला, बाप पहिल्या आडनावाचा, आई तीच, माहेरच्या आडनावासकट तीच, जी पणजीने १८६१ मध्ये सांगितली होती. आणि पुढे १८४४ मध्ये त्याच वहीत त्याच आईचं लग्न, दुसऱ्या आडनावाच्या माणसाशी.

सासूबाई खुर्चीतून उठल्याच. सगळं एका क्षणात जागेवर पडलं. दुसऱ्या आडनावाचा माणूस सावत्र बाप. आई त्याच्या नावाने वर्कहाउसमध्ये गेली असणार, मुलगी त्याच नावाने नोंदवली गेली, त्याच नावाने जहाजात चढली, त्याच नावाने तिचं पहिलं लग्न लागलं, आणि मोठी झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने दुसरं लग्न करताना, तिने आपल्या खऱ्या बापाचं नाव सांगितलं. जावयाने मात्र आयुष्यभर ऐकलेलं नाव सांगितलं. कोणीच खोटं बोललं नव्हतं.

रूट्सआयर्लंड ही पैसे घेणारी साइट आहे, काउंटीच्या वारसा केंद्रांनी मिळून चालवलेली, तिथे याच चर्चच्या वह्या नावाने शोधता येतात. चांगली आहे, काही काउंट्यांसाठी तर पर्यायच नाही, पण वर्षाचं सभासदत्व घेऊ नका, आधी पॅरिश, आईचं माहेरचं आडनाव, साधारण वर्षं एवढं हातात ठेवा आणि मग एक महिन्याचं घ्या. सरकारची आयरिश जीनिऑलॉजी डॉट आयई मोफत आहे, तिथे सरकारी नोंदी आहेत, पण जन्म १८६४ पासून, कॅथलिक लग्नं १८६४ पासून, म्हणजे दुष्काळात गेलेल्यांसाठी थेट उपयोग नाही. मागे राहिलेल्यांसाठी आहे. पणजीच्या आईचा मृत्यू मला तिथे सापडला असं वाटतंय, विधवा, वय जुळतं, गाव जुळतं, पण आयरिश मृत्यूच्या नोंदीत आईबाप किंवा नवऱ्याचं नाव नसतं म्हणून मी ते झाडात पेन्सिलीने ठेवलंय. याच साइटवर केरी, डब्लिन शहर, कार्लो आणि कॉर्कच्या काही भागातल्या चर्चच्या नोंदीपण नावाने शोधता येतात, तिकडचे पूर्वज असतील तर तुम्ही नशीबवान.

क्लेअरवाल्यांसाठी क्लेअर काउंटी लायब्ररीची साइट म्हणजे माहेरच. जमिनीच्या याद्या स्वयंसेवकांनी टाइप करून ठेवल्यात, दशमांश कराची १८२०-३० च्या दशकांतली यादी, ग्रिफिथचं मूल्यांकन, स्मशानातले दगड, जुने लेख. ग्रिफिथ म्हणजे रिचर्ड ग्रिफिथने १८४७ ते १८६४ मध्ये करवलेली घरं आणि जमिनीची मोजणी, जनगणना गेल्यामुळे आयर्लंडभर त्याच्यावरच काम चालतं. आस्क अबाउट आयर्लंडवर ती नकाशासकट मोफत आहे, फक्त ते नकाशे नंतरच्या दुरुस्त्यांच्या काळातले आहेत, प्लॉटचे नंबर कधी जुळत नाहीत तर घाबरू नका. टाउनलँड हा शब्द शिकून घ्या, तिकडचा जमिनीचा सगळ्यात लहान विभाग, देशभरात साठ हजारांच्या वर, त्याशिवाय माणूस सापडत नाही. क्लेअरबद्दल वाचताना एक नाव भेटलं, कॅप्टन आर्थर केनेडी, किलरशला दुष्काळात गरिबांच्या कायद्याचा निरीक्षक होता, पाडलेल्या घरांचे अहवाल त्याने सरकारला पाठवले, आणि पुढे हाच माणूस वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलँडचा गव्हर्नर झाला. ज्या मुली त्याच्या अहवालातून बेघर झालेल्या दिसतात त्यातल्याच काही त्याच्या आधी ऑस्ट्रेलियात पोचल्या असतील, हे मला फार लागलं.

आता डीएनए, ज्याच्याबद्दल सगळे विचारतात. टक्केवारीचं ते रंगीत चित्र सोडून द्या, सासूबाई आयरिश आहेत हे कळायला थुंकी पाठवायची गरज नव्हती. खरी किंमत मॅचेसच्या यादीची, म्हणजे ज्यांचा डीएनए तुमच्याशी जुळतो त्या लोकांची. अॅन्सेस्ट्री या कंपनीकडे लोक सगळ्यात जास्त आहेत म्हणून तिथेच करा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची करा, तुमची नको, कारण दर पिढीला वारसा निम्मा होत जातो. सासूबाईंचा एक तिसऱ्या पिढीतला चुलत नातेवाईक बॉस्टनकडे निघाला, त्याचा पणजोबा म्हणजे तो १८३८ चा भाऊ. मॅसॅच्युसेट्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईबापाची नावं लिहीत, ती फॅमिलीसर्च या साइटवर मोफत मिळाली, बाप पहिल्याच आडनावाचा. आम्ही पेढे वाटायच्या तयारीत होतो.

पण नीट विचार केला तर यातून बाप सिद्ध होत नाही, फक्त आई सिद्ध होते. पणजी त्या भावाची सख्खी बहीण असो की आईकडून अर्धी बहीण, मॅच येणारच. पूर्ण नात्यातले असे तिसऱ्या पिढीतले चुलत साधारण ७३ सेंटिमॉर्गन (डीएनए किती जुळतो ते मोजायचं एकक) वाटून घेतात आणि अर्ध्या नात्यातले ४८ च्या आसपास, पण दोन्हीचा पल्ला इतका एकमेकांवर चढतो की एका मॅचवरून निकाल लावता येत नाही. म्हणून बापाच्या बाजूचा माणूस लागतो. त्याच १८३८ च्या बाप्तिस्म्याला पहिल्या आडनावाचा एक माणूस साक्षीदार होता, गॉडफादर म्हणून बहुधा भाऊ नाहीतर चुलता उभा राहायचा, त्या साक्षीदाराचा मुलगा सोन्याच्या मागे न्यूझीलंडला ओटागोला गेलेला, त्याचे वंशज तिथे आहेत. चौथ्या पिढीतले चुलत म्हटल्यावर निम्म्यांमध्ये काहीच जुळत नाही, म्हणून एकाने टेस्ट केली आणि मॅच नाही आली तर त्यातून काही कळत नाही, जास्त लोक लागतात. ओटागोच्या दोन वेगवेगळ्या शाखांमधले लोक सासूबाईंशी जुळले आणि आईच्या माहेरच्या कोणाशी जुळले नाहीत. तो साक्षीदार सख्खा भाऊ की चुलत हे कागदावर नाही, पण पणजी पहिल्या आडनावाचीच याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

डीएनएबद्दल एक विनवणी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी नीट समजावून सांगा. आमच्याकडे गोष्ट गोड निघाली, पण याच यादीत कोणाला माहीत नसलेला भाऊ निघतो, आजोबा आजोबा नसतात. सासूबाईंनी स्वतः हो म्हटलं तेव्हाच किट मागवलं, आणि खातं त्यांच्याच नावाने आहे. ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए टेस्टच्या कंपनीने २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला ते आठवत असेल, तेव्हा तुमची कच्ची फाइल डाउनलोड करून घरी ठेवा. आणि लोकांनी बनवलेली झाडं डोळे झाकून उतरवू नका, तिथे कितीतरी जणांनी आमच्या पणजीला दुसऱ्या आडनावाच्या बापाशी जोडलंय, एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी ती घेतली.

माझ्या माहेरी नाशिकला आल्यावर सासूबाईंना त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे नेलं होतं, त्यांनी नामावळ काढून आमच्या पणजोबांच्या हाताची सही दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्याकडे हे सगळं एका माणसाच्या कपाटात आहे. क्लेअरमध्ये असं कपाट नाही, पॅरिशची वही, कराची यादी, बॉस्टनचं लग्न, ओटागोचे मॅचेस असं चार दिशांनी गोळा करावं लागतं.

महाराष्ट्रातल्या ज्या अँग्लो इंडियन किंवा मिश्र घरांमध्ये आयरिश सोल्जर पूर्वज आहे, पुणे, खडकी, देवळाली, मुंबईकडे अशी घरं आहेत, त्यांच्यासाठी रस्ता वेगळा. कंपनीच्या बॉम्बे फ्युजिलियर्समध्ये आयरिश पुष्कळ होते, तीच पलटण १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन झाली. बॉम्बे प्रेसिडेन्सीचे बाप्तिस्मे लग्नं दफन यांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, फाइंडमायपास्टवर पैसे भरून दिसतात, आणि फिबिस या संस्थेच्या साइटवर शोध मोफत आहे. तिथेही आई 'नेटिव्ह बाई' एवढंच लिहून नाव गाळलेलं असतं, त्याबद्दल मला वेगळं लिहायचंय, तो फार मोठा अन्याय आहे.

डब्लिनला जाणार असाल तर किल्डेअर स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत वंशशोधासाठी सल्ला देणारी मोफत सेवा आहे, जायच्या आधी वेळा बघून घ्या आणि हातात काय आहे ते एका पानावर लिहून न्या. आम्ही नेलं होतं. तिथल्या बाईंनी पान वाचून पहिला प्रश्न विचारला तो १८४४ च्या लग्नाचे साक्षीदार कोण. आम्ही ते उतरवून घेतलं होतं पण शोधलं नव्हतं. त्यातला एक आईचा भाऊ असावा, आणि तो १८५५ च्या सुमारास ग्रिफिथमध्ये त्याच टाउनलँडमध्ये दिसतो, म्हणजे सगळं घर मोडल्यावरही माहेर तिथेच उभं होतं. सध्या आम्ही त्याच्या मागे आहोत. पैशाचं विचाराल तर व्हिक्टोरियाची सर्टिफिकेट्स, रूट्सआयर्लंडचा एक महिना आणि सेलमध्ये घेतलेलं एक डीएनए किट, एवढंच विकत घेतलं, बाकी सगळं मोफत.